होडीचे जुने इंजिन आणि डिझेलची वाट

पांडेसऱ्यात राहणाऱ्या आपल्या पुष्कळ घरांचा एक पाय सुरतेत, तर दुसरा गावी असतो. गिरणीची पाळी इथे आणि चार बिघे जमीन नवापूर, नंदुरबार, साक्री किंवा उच्छल-निझरच्या बाजूला. उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी धरली की आपण पेरणीला किंवा कापणीला घरी पोहोचतो. त्या घरी, शेताच्या कडेला, नदीच्या काठावर किंवा एखाद्या होडीत बसवलेले एक जुने डिझेल इंजिन असते. वडिलांच्या काळात घेतलेले. ते चालू असेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बंद पडले की सारे घर त्याच्याभोवती गोळा होते.

अशा एका इंजिनाने आम्हांलाही धडा दिला. गेल्या वर्षी थंडी सुरू होताना उकाईच्या जलाशयातून होडीने आम्ही एका आजारी माणसाला भेटायला पलीकडच्या काठावर जात होतो. तापी नदीवरचे हे धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी थेट आपल्या नवापूर-नंदुरबारच्या हद्दीपर्यंत पसरले. कितीतरी गावांच्या जुन्या वाटा त्या पाण्याखाली गेल्या, म्हणून तेथे होडी हीच वाट. होडीत नऊ माणसे, त्यांत दोन लहान मुले, शिवाय खताच्या तीन गोण्या. इंजिन पूर्वी शेतात पाणी उपसणारे, नंतर होडीत बसवलेले.

वीस मिनिटे ते छान चालले. मग आवाज चढ-उतार करू लागला आणि हळूहळू विझत बंद पडले. नावाड्याने हँडल मारले. सुरू झाले, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. त्याने ‘नोझल गेले’ असे ठरवले आणि भर पाण्यात नोझल खोलायला घेतले. त्याखालची तांब्याची वायसर होडीच्या तळाच्या पाण्यात पडली. ती शोधण्यात तास गेला. तोवर वारा उठला होता आणि होडी बुडीत झाडांच्या खोडांकडे सरकत होती. वायसर सापडली, नोझल बसले, इंजिन सुरू झाले आणि दहा मिनिटांनी पुन्हा बंद. तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “भाऊ, टाकीचं झाकण उघडून बघ. आमच्या रॉकेलच्या डब्याला वरचं भोक पाडलं नाही तर खालून धार येत नाही.” झाकण सैल केले तर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून कोणीतरी झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बसवला होता. तो काढल्यावर इंजिन काठापर्यंत एकदाही थांबले नाही.

नावाडी मेहनती होता, हातही चांगला होता. त्याची चूक एवढीच, की त्याने महागड्या टोकापासून सुरुवात केली. म्हणून आज आम्ही टाकीपासून नोझलपर्यंत डिझेल कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट कोठे अडते, हे क्रमाने सांगणार आहोत. होडीतले इंजिन असो की विहिरीवरचे, वाट एकच आहे.

एका थेंबाचा हिशेब

आपल्याकडची पुष्कळशी जुनी मंदगती इंजिने इंग्लंडातील लिस्टर कंपनीच्या घडणीची आहेत. ती घडण १९३० च्या आसपासची. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी तशीच इंजिने बनवून खेडोपाडी पोहोचवली. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि तिची इंजिनेही आपल्या शेतांवर सर्वत्र दिसतात. या इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की ते आपोआप पेटते.

आता पाहा, पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेते. दोन फेऱ्यांत एकदा फवारा, म्हणजे मिनिटाला ३०० आणि तासाला १८,००० फवारे. पुऱ्या भारावर असे इंजिन तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल खाते. भागाकार केला तर एका फवाऱ्याला जेमतेम एक-दीड थेंब येतो. हा थेंब सुमारे २०० किलो दर चौरस सेंटिमीटर इतक्या दाबाने नोझलमधून बाहेर पडतो. तो दाब निर्माण करणाऱ्या पंपातला दट्ट्या आपल्या नळकांड्यात इतका घट्ट बसलेला असतो की दोघांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढीच असते. आपल्या डोक्याचा केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो.

यावरून तीन गोष्टी समजतात. एक, डिझेलमधला कचरा डोळ्यांना दिसत नसला तरी पंपाला मारतो. दोन, पाणी मारते, कारण ते वंगण देत नाही आणि गुळगुळीत पोलाद गंजवते. तीन, हवा इंजिन बंद पाडते. डिझेल दाबले तर फारसे दबत नाही, म्हणून दट्ट्याचा धक्का नोझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा असला की दट्ट्या त्याला दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो आणि नोझल उघडतच नाही. आपले मिस्त्री ‘इंजिनाने एअर धरली’ म्हणतात ते हेच.

खोलण्याआधी पाहा आणि ऐका

इंजिन कसे बंद पडले हे आधी आठवावे. डिझेल कमी पडल्यास आवाज चढतो, उतरतो आणि काही क्षणांत विझतो. एकदम धक्का बसून थांबले तर बहुधा डिझेलचा दोष नाही. होडीच्या पंख्यात दोरी किंवा जाळे अडकले असेल, अथवा आत काही जाम झाले असेल. अशा वेळी जबरदस्तीने हँडल मारू नये.

मग धूर पाहावा. हँडल मारताना धुराड्यातून काहीच धूर येत नसेल, तर डिझेल आत पोहोचत नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही. त्यात पाणी असेल, नोझल फवाऱ्याऐवजी धार मारत असेल किंवा दाब कमी पडत असेल. काळा धूर आला तर डिझेल पुरेसे आहे, हवा कमी आहे किंवा भार जास्त आहे. तेव्हा हवेची जाळी साफ करावी, पंखा पाहावा. डिझेलच्या वाटेला हात लावू नये.

आणि सर्वांत आधी इंजिन बंद करण्याचा दांडा पाहावा. तो बंदच्या बाजूला राहिला म्हणून तासभर घाम गाळणारी शहाणी माणसे आम्ही पाहिली आहेत. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात पंपाची दांडीही चिकट होऊन बंदच्या जागी अडकते. ती बोटाने सहज मागेपुढे सरकली पाहिजे.

डिझेलच्या वाटेवरची सात ठाणी

पहिले ठाणे टाकीचे झाकण. त्याचे बारीक भोक उघडे हवे. इंजिन थोडा वेळ चालून बंद पडते, थोडे थांबल्यावर पुन्हा चालते, असे झाले तर प्रथम झाकण सैल करून पाहावे. आजींची परीक्षा ती हीच आणि तिला एक पैसाही लागत नाही.

दुसरे ठाणे टाकीचा तळ आणि तोटी. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतला दमटपणा भिंतींना दव होऊन तळाशी उतरतो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळसर, बुळबुळीत शेवाळासारखा थर वाढतो. तो जंतूंचा थर असतो आणि जाळी बुजवतो. होडी हलली की हा सारा गाळ वर उठतो. शेतात नीट चालणारे इंजिन लाटांवर बंद पडते त्याचे कारण पुष्कळदा हेच. तळाची चकती सैल करून वाटीभर डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे आणि दहा मिनिटे ठेवावे. खाली पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे. टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नसावी, कारण जस्त डिझेलशी मिळून चिकट गाळ करते.

तिसरे ठाणे नळी. जुन्या रबरी नळीचा आतला थर सुटतो आणि झडपेसारखा वाट अडवतो. बाहेरून नळी चांगली दिसते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. टाकी इंजिनाच्या वर असेल तर सैल जोडातून डिझेल गळते आणि दोष डोळ्यांना दिसतो. टाकी खाली असून पंप डिझेल ओढून घेत असेल, तर त्याच सैल जोडातून थेंबही गळत नाही, उलट हवा आत शिरते. ‘कोठेच गळत नाही, तरी एअर धरते’ अशी तक्रार असेल तर दोष ओढीच्या नळीतच शोधावा. मध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली तर बुडबुडे दिसतात.

चौथे ठाणे फिल्टर. रिकामे इंजिन चालते, पण भार आला की दम टाकते, हे बुजलेल्या फिल्टरचे लक्षण. कागदी फिल्टर धुऊन वापरू नये, बदलावा. फडक्याचा किंवा नमद्याचा असेल तर स्वच्छ डिझेलमध्ये धुता येतो. फिल्टर काढून टाकून इंजिन चालवणे म्हणजे दोन-तीनशे रुपये वाचवून हजारांचा पंप घालवणे होय.

पाचवे ठाणे दाबाचा पंप, सहावे पोलादी नळी आणि सातवे नोझल. ही तीन ठाणी शेवटची. पोलादी नळीच्या टोकाचा नट सैल करून हँडल फिरवले की उसळत डिझेल आले पाहिजे. येथे डिझेल उसळते पण इंजिन पेटत नाही, तर संशय नोझलवर. मागे फिल्टरपाशी डिझेल भरपूर आहे आणि येथे येत नाही, तर संशय पंपावर. नोझल तारेने टोकरू नये, पॉलिश कागदाने घासू नये. ते दाबाच्या यंत्रावर तपासणाऱ्या दुकानात न्यावे. बंगलोरला १९५१ साली सुरू झालेल्या मायको कंपनीचे पंप आणि नोझल आपल्याकडे इतके पसरले की, कंपनीचे नाव आता बॉश झाले तरी मिस्त्री अजून ‘मायको’च म्हणतात. नवीन नोझल घेताना जुने सोबत न्यावे आणि क्रमांक जुळवून घ्यावा.

अर्धी वाट एका डब्यात

दोष कोणत्या ठाण्यावर आहे ते कळत नसेल, तर आणखी एक सोपा उपाय आहे. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा इंजिनापेक्षा दोन हात उंच बांधावा आणि नव्या नळीने थेट फिल्टरला जोडावा. हवा काढून इंजिन चालवावे. नीट चालले तर दोष टाकी, तोटी किंवा जुन्या नळीत. तरीही बंद पडले तर दोष फिल्टर किंवा त्याच्या पुढे. अर्ध्या तासात अर्धी वाट निर्दोष ठरते आणि मिस्त्रीचे निम्मे काम वाचते. डब्याच्या झाकणालाही भोक ठेवायला विसरू नये.

हवा काढण्याचा क्रम

हवा नेहमी टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने काढावी. प्रथम टाकीत पुरेसे डिझेल आहे हे पाहून तोटी उघडावी. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करावा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर पंपावरच्या स्क्रूचे तसेच करावे. शेवटी नोझलकडच्या टोकाचा नट अर्धा-एक फेरा सैल करावा, दाब सोडण्याचा दांडा उचलावा, बंदचा दांडा चालूकडे ठेवावा आणि हँडल सावकाश फिरवावे. बुडबुडे संपून डिझेल उसळू लागले की नट आवळावा. पुन्हा चार-सहा फेरे द्यावेत. जुन्या इंजिनात नोझल फवारताना ‘कर्र’ असा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला की वाट मोकळी झाली. नट गरजेपुरताच आवळावा. अंगातले सारे बळ लावले तर नळीचे टोक चेपते आणि कायमचे गळते.

पेट्रोलवर चालणाऱ्या, होडीच्या मागे लावायच्या यंत्रांसाठी एक सूचना. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुने रबर फुगवते. म्हणून असे यंत्र महिनाभर ठेवायचे असल्यास टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत आणि जुन्या नळ्या बदलाव्यात.

जीव आधी, इंजिन नंतर

हे पान शेतीचे तसेच आरोग्याचेही आहे. म्हणून चार गोष्टी आग्रहाने सांगतो.

डिझेल किंवा रॉकेल तोंडाने ओढू नये. घोटभर फुप्फुसात गेले तर काही तासांनी न्यूमोनियासारखा आजार उठतो, आणि मुलांच्या तर तो जिवावर येतो. कोणी गिळलेच तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. बसते करून लगेच दवाखान्यात न्यावे. आता बरे वाटते म्हणून घरी थांबवू नये. हातपंपाची नळी बाजारात थोड्या पैशांत मिळते.

फवारणाऱ्या नोझलसमोर बोट धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत डिझेल पसरते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकते. ‘दाबाने डिझेल आत गेले’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

विहिरीत किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. विहिरीत उतरलेला एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. असे घडले तर खाली उतरू नये. इंजिन बंद करावे आणि १०८ किंवा ११२ वर मदत मागवावी.

आणि होडीत इंजिन बंद पडले तर पाना हाती घेण्याआधी नांगर टाकावा, माणसांना मध्यभागी खाली बसवावे, वल्हे काढावे. आमच्या त्या दिवशी नांगर होता, पण तो गोण्यांखाली होता. तासभर होडी खोडांकडे सरकत राहिली त्याचे हेही कारण. वल्ही, नांगर, दोर आणि प्रत्येकासाठी तरंगणारे जाकीट होडीत हाताशी असल्याशिवाय काठ सोडू नये. सोबत एका डब्यात दोन पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर, एक फिल्टर, हातभर नळी, दोन पट्ट्या, तांब्याच्या चार वायसर आणि पाच लिटर गाळलेले डिझेल असावे.

रोजची सवय

वापर संपला की टाकी भरून ठेवावी, म्हणजे दव धरायला जागा राहत नाही. सकाळी सुरू करण्याआधी तळातून वाटीभर डिझेल काढून पाहावे. डिझेलचे पिंप थोडे तिरके उभे करावे, रात्रभर निवळू द्यावे आणि तळचे चार बोटे डिझेल कधीच इंजिनात घालू नये. बारीक जाळीच्या चाडीतून गाळावे. जुन्या फडक्यातून गाळल्यास त्याचेच तंतू आत जातात. स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळू नये, त्याने पंपाचे वंगण कमी होते आणि दट्ट्या झिजतो.

गव्हाला शेवटचे पाणी द्यायचे असते तेव्हा किंवा आजाऱ्याला घेऊन पलीकडे जायचे असते तेव्हा इंजिन बंद पडणे परवडत नाही. यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा एक सकाळ त्या जुन्या इंजिनाला द्या. झाकणापासून सुरुवात करा. आणि ही सात ठाणी घरातल्या मुलांना आणि मुलींनाही दाखवा. त्या दिवशी नऊ माणसांत ज्यांना नेमके कारण सुचले, त्या आजींनी आयुष्यात कधी इंजिनाला हात लावला नव्हता.